स्टाऊटसाठी उसनं नाक

नागपूरच्या विमानतळाबाहेर बाबांनी माझी बॅग पुन्हा एकदा उघडायला लावली. सर्टिफिकेटांची फाइल मोठ्या बॅगेत तळाशी होती, ती त्यांना माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये हवी होती. मागे ट्रॉल्या घेऊन माणसं खोळंबली होती. पलीकडे आईचा माझ्या नवऱ्याशी, प्रशांतशी, लोणच्यावरून वाद चालला होता. तिचं म्हणणं, लोणचं म्हणजे काही पाणी नाही, ते हातात नेऊ देतील. प्रशांत “नाही हो आई” म्हणत बरणी तिच्या पिशवीत परत ठेवत होता.

“कपडे हरवले तर तिकडे मिळतील,” बाबा म्हणाले. “ही फाइल जवळ ठेव. डिग्री कुठंही नेली तरी डिग्रीच राहते, वैदेही.”

बाबा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. वर्गात नियम सांगावा त्याच सुरात त्यांनी हे सांगितलं आणि मीही विद्यार्थिनीसारखी मान डोलावली. आत गेल्यावर काचेतून मागे पाहिलं, तर ते दोघं माझ्याकडे नाही, एकमेकांकडे बघत उभे होते. आता घरी कसं जायचं हे जणू दोघांनाही आठवत नव्हतं.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट. नागपुरात एका मसाल्याच्या कारखान्यात क्वालिटीला होते. मशिनं होती, चाचण्या होत्या, पण शेवटी प्रत्येक माल माझ्या नाकाखालून जायचा. धणे जुने आहेत का, मिरची ओलसर जागी ठेवली होती का, काळ्या मसाल्यात खोबरं जास्त भाजलं गेलं का, हे मी वासावरून सांगायचे. पोतं उघडलं की गोडाऊनमधून हाक यायची, “मॅडमनी वास घेतला का?” मी घेतल्याशिवाय माल पुढे जात नसे. त्या हाकेची मला इतकी सवय होती, की ती थांबल्यावर काय होईल याचा विचारच कधी केला नव्हता.

तुमच्यातले जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना पुढचं सांगायला नको. जे तिकडे राहिले त्यांच्यासाठी सांगते. टोरंटोच्या पश्चिमेला, एटोबिकोमध्ये आम्ही एका घराचं बेसमेंट भाड्याने घेतलं. विमानतळ इतका जवळ की खिडकीच्या काचा दिवसभर थरथरायच्या. प्रशांतला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम लवकर मिळालं. मी अप्लाय करत राहिले. फोनवर मुली गोड बोलायच्या, माझं आडनाव तोडून-मोडून विचारायच्या, आणि मग तो प्रश्न यायचा, “डू यू हॅव एनी कॅनेडियन एक्सपिरियन्स?” नाही म्हटलं की आवाज आणखी गोड व्हायचा आणि फोन संपायचा. बाबांची फाइल कपाटात पडून राहिली. मी जवळच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशवर उभी राहायला लागले. काम वाईट नव्हतं. फक्त दिवसभर हातातून फळं, ब्रेड, चीज सरकत जायचं आणि कुणालाही त्याचा वास कसा येतो हे माझ्याकडून ऐकायचं नव्हतं.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप वगैरे नव्हतं. रविवारी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून फोन लावायचा. आई विचारायची, “काय करून राहिली तू दिवसभर?” मी म्हणायचे, “चाललंय प्रयत्न.” बाबा मागून विचारायचे, “फाइल दाखवली का त्यांना?”

आमचा घरमालक डग वरच्या मजल्यावर एकटाच राहायचा. विमानांच्या दुरुस्तीचं काम करून रिटायर झालेला, साठीच्या पुढचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा. बायको मॉरीन काही वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी कॅथी कॅलगरीला. बोलणं मोजकं. आम्ही जिन्यावरचा बर्फ शोव्हल करायच्या आधी तो करून ठेवायचा आणि थँक्यू म्हटलं की हात हलवून आत जायचा. आमच्या बेसमेंटच्या शेवटच्या दाराआड फर्नेस रूम, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची खोली होती, आणि तिथे तो बीअर बनवायचा. एवढं आम्हाला भाड्याच्या बोलणीतच सांगितलं होतं. “वास आला तर घाबरू नका,” असं तो म्हणाला होता.

वास यायचा, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, म्हणजे माल्टचा, पाक गरम पाण्यात पडला की आपल्या सातूच्या पिठात गूळ कालवताना येतो तसा वास येतो. मी बीअर कधी प्यायले नव्हते, आमच्या घरात कुणीच नाही. पण तो वास आला की मी भांडी घासता घासता थांबायचे.

त्या वसंतात एक दिवस मात्र वेगळा वास आला. आंबूस, आणि आंबूसच्या मागे काहीतरी नाकाला टोचणारं. मी प्रशांतला म्हटलं, “त्याचा माल बिघडलाय.”

“तू कशाला सांगायला जातेस? आपण भाडेकरू आहोत.”

“उद्या तो बाटल्या भरेल. सगळं वाया जाईल त्याचं.”

मी वर गेले. डग बाटल्या धूत होता. मी चाचरत सांगितलं, की बहुतेक तुमच्या जारमध्ये व्हिनेगर होतंय. तो खाली आला, काचेच्या मोठ्या जारचं बूच काढलं, नाक लावलं. बराच वेळ तसाच वाकून राहिला. मला वाटलं, चिडला. मग त्याने मला विचारलं, “नक्की?”

“तुम्हाला वास येत नाहीये?”

तो फर्नेसशेजारच्या पायरीवर बसला. त्याआधीच्या हिवाळ्यात ड्राइव्हवे शोव्हल करताना तो घसरून डोक्यावर आपटला होता. टाके पडले, डोकं बरं झालं, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईलही, येणारही नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम कडू पाणी, टोस्ट म्हणजे पुठ्ठा. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं पुसून गेलेलं. त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कॅथीलाही नाही. आणि सप्टेंबरात घराच्या मागच्या अंगणात कॅथीचं लग्न होतं.

“इतकी वर्षं मी डब्यातल्या तयार किटची बीअर केली,” तो म्हणाला. “डबा उघडा, पाणी घाला. मॉरीनला काळा, दाट स्टाऊट आवडायचा. तिला म्हणायचो, एकदा माझ्या रेसिपीचा करीन. लग्नात तो ठेवायचा होता. आता मी काय करतोय हेच मला कळत नाही.”

मी नागपूरच्या कारखान्यात काय करायचे ते त्याला सांगितलं. इकडे आल्यापासून कुणाला इतकं सविस्तर सांगायची ती पहिलीच वेळ. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, “मग तू माझं नाक हो. घोट घेऊन थुंकलीस तरी चालेल.”

प्रशांतला ते आवडलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. आपली ओळख नाही, देश नाही, उद्या बिनसलं तर घर सोडावं लागेल. आणि तुझ्या आईला काय सांगणार? मी म्हटलं, “आईला सांगायचं तेव्हा बघू. मला काहीतरी येतं, हे इथल्या एका माणसाला तरी कळलंय.” दुसऱ्या दिवशी त्यानेच ऑफिसात कुणाला तरी विचारून होमब्रूचं, म्हणजे घरी बीअर करायचं सामान मिळणारं दुकान शोधून दिलं.

त्या दुकानात भिंतीला लावून धान्याची पिंपं होती. पांढरट माल्ट, तपकिरी माल्ट, आणि शेवटी कोळशासारखी काळी, भाजलेली बार्ली. डगने प्रत्येकातले चार दाणे माझ्या तळहातावर दिले. मी चावून बघायचे आणि तो विचारायचा, “व्हॉट इज इट?” तिथे माझी पंचाईत झाली. पहिला दाणा ‘नटी’, म्हणजे बदामासारखा, दुसराही ‘नटी’, तिसरा ‘रोस्टेड’, चौथाही ‘रोस्टेड’. माझं इंग्रजी तिथेच संपलं. दुकानदार हसला.

डग म्हणाला, “तुझ्या भाषेत सांग. मग मला समजावून सांग.”

मग मी सांगायला लागले. हा खमंग आहे. म्हणजे भाजणी नीट भाजून उतरवली की शेजारच्या घरातल्या माणसालाही भूक लागते, तसा. हा तुरट, कच्च्या सुपारीसारखा, जिभेच्या कडा आवळणारा. आणि हा काळा खरपूस आहे, पण आणखी थोडा भाजला असता तर करपट झाला असता. खरपूस आणि करपट यांच्यामध्ये फार थोडी जागा असते, आणि सगळं कसब त्या जागेत असतं. डग हळू आवाजात शब्द घोळवत राहिला. ‘खमंग’चा ‘कमांग’ झाला, ‘तुरट’चा ‘टुराट’. पण कुठला शब्द कुठल्या दाण्याचा हे तो एकदाही चुकला नाही.

पहिला प्रयोग आम्ही त्याच्या वरच्या किचनमध्ये, लहान पातेल्यात केला. सगळं धान्य एकत्र गरम पाण्यात भिजवलं, गाळलं, त्या गोड पाण्यात कडूपणासाठी हॉप्सची वाळलेली फुलं टाकून उकळलं, थंड करून यीस्ट घातलं. हौसेपोटी काळी बार्ली जास्त झाली होती. ते पहिल्यांदा तोंडात घेतलं तेव्हा मी सिंककडे धावले. तव्यावर विसरलेल्या भाकरीचा काळा पापुद्रा आणि त्यावर राख. डगला वास कळत नव्हता तरी घशाला कळलं. “टुराट,” तो म्हणाला आणि उरलेलं सिंकमध्ये ओतलं.

दुसऱ्या वेळी काळी बार्ली कमी केली. राख गेली, पण तिच्याबरोबर स्टाऊटही गेला. तपकिरी, पातळ, चहा विसळल्यासारखं काहीतरी उरलं. कॅथीचा फोन आला तेव्हा डग म्हणाला, “बीअर विकत आणू, तेच बरं.” मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, संपलं हे. आणि ते वाटणं मला अपेक्षेपेक्षा जास्त लागलं.

दोन दिवस मी कॅशवर उभ्याउभ्या तोच विचार करत होते. शेवटी मला आमची काळ्या मसाल्याची भट्टी आठवली. तिथे सगळं एकदम कढईत जात नाही. धणे, खोबरं आधी, आणि दगडफूल अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, नुसत्या उरलेल्या उष्णतेवर. आधी टाकलं तर मसाला कडू होतो. मग काळी बार्लीही सुरुवातीपासून गरम पाण्यात का पडून राहावी? बाकीचं धान्य भिजून गोडी उतरली की शेवटी शेवटी टाकायची, रंग आणि वास घ्यायचा, आणि तिने कडवटपणा सोडायच्या आत गाळून टाकायचं. पातळपणा घालवायला ओट्स. आंबील ज्यामुळे दाट होते तोच गुण ओट्सलाही असतो.

डगला ते पटेना. “असं कुणी करत नाही,” तो म्हणाला.

“तुमच्या किटच्या डब्यावर लिहिलेलं नसेल,” मी म्हटलं. “पण मी पोतीच्या पोती मसाला पास केलाय, डग. एकदा करून बघू. बिघडलं तर बीअर विकत आणा.”

इतकं ठाम मी इकडे आल्यापासून कुणाशीच बोलले नव्हते. त्याने पातेलं काढलं.

त्यानंतरचे आठवडे नुसते थांबायचे होते. जारच्या बुचावरच्या नळीतून बुडबुडे येत राहिले, मग मंदावले. मी कामावरून आले की आधी फर्नेस रूमचं दार उघडून नाक आत घालायचे. डग जिन्यावरून विचारायचा, “वेल?” आणि मी सांगायचे. आज पावाच्या कणकेसारखा. आज सालीसकट पिकलेल्या केळ्यासारखा. आज शांत झालाय. प्रशांतसुद्धा जेवताना विचारायला लागला, “काय म्हणतोय तुमचा स्टाऊट?”

ऑगस्टमध्ये एका दुपारी आम्ही तिघं मागच्या डेकवर बसलो. डगने बाटली उघडली. ग्लासात तो काळा उतरला आणि वर बदामी फेस आला. मी आधी वास घेतला. मग एक घोट. या वेळी थुंकायची गरज वाटली नाही. आधी खरपूसपणा, मग अगदी हलका गोडवा, काळ्या गुळाच्या कडेसारखा, आणि शेवटी कडू, पण अंगावर न येणारं, साय न काढलेल्या दुधासारखं जिभेवरून सरकत गेलेलं.

डगने घोट घेतला आणि डोळे मिटले. “घशाला टोचत नाही,” तो म्हणाला. “जाड आहे. थोडं कडू, थोडं गोड. आता बाकीचं तू सांग.”

मी सांगत गेले. मध्येच इंग्रजी, मध्येच मराठी, सुचेल तसं. तो डोळे मिटूनच ऐकत होता आणि अधूनमधून मान हलवत होता, विसरलेल्या गावाचे रस्ते कुणीतरी एकेक करून आठवून द्यावेत तशी. प्रशांत उठून कुंपणाकडे गेला आणि उगाच टोमॅटोची झाडं बघत उभा राहिला. शेवटी डग म्हणाला, “मॉरीनने दुसरा ग्लास मागितला असता.” मग त्याने कॅथीला फोन लावला आणि आपला वास गेल्याचं पहिल्यांदा तिला सांगितलं. ती पलीकडे रडत होती हे आम्हालाही ऐकू येत होतं. तो मात्र तिची समजूत घालत होता, “नाही गं, आहे ना माझ्याकडे नाक. खाली राहतं.”

त्या रविवारी मी बाबांना सांगून टाकलं. आई देवळात गेली होती. फोनवर लांबच लांब शांतता. मला वाटलं कार्ड संपलं.

“म्हणजे दारू केलीस,” बाबा म्हणाले.

“हो.”

मग त्यांनी विचारलं, “पाण्याचं तापमान किती ठेवलं होतं? स्टार्चची साखर व्हायला ते महत्त्वाचं असतं.” आणि मग उरलेलं कार्ड आम्ही तापमानावर खर्च केलं. फोन ठेवताना ते म्हणाले, “आईला मी सांगतो. तू सांगू नको.” त्यांनी तिला काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पुढच्या फोनवर आईने एवढंच विचारलं, “तुझं ते औषध लागू पडलं का बाप्पा त्या म्हाताऱ्याला?”

लग्न छान झालं. मेपलच्या झाडाखाली टेबलं, आणि एका टबात बर्फात खोचलेल्या आमच्या बाटल्या. डग प्रत्येकाला माझ्याकडे घेऊन यायचा आणि म्हणायचा, “ही माझी पार्टनर. रेसिपी निम्मी हिची आहे.” कॅथीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “कमांग.” मला हसू आवरेना.

लग्नानंतर डगने मला समोर बसवलं आणि माझा रेझ्युमे मागितला. त्यात हे घाल, म्हणाला, आणि रेफरन्सला माझं नाव दे. मी म्हटलं, “बेसमेंटमध्ये बीअर केली, असं लिहू?” तो गंभीरपणे म्हणाला, “कॅनडात केलीस ना?”

मी लिहिलं. बेकरीचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीतून इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. समोरच्या बाईंनी तो नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी त्यांना स्टाऊटची सगळी गोष्ट सांगितली, राखेसकट. त्या हसल्या नाहीत. उठून आतून झाकण लावलेले तीन कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “यातला एक वेगळा आहे.” मी वास घेतला. मधला खवट होता. अगदी किंचित, तेल नुकतंच जुनं व्हायला लागलेलं. इंग्रजी शब्द आठवायला मला क्षणभर लागला, पण नाकाला लागला नाही. नोकरी मिळाली. बाबांची फाइल कंपनीने नंतर एकदा मागितली, कॉपी काढून परत केली.

आता आम्ही ओकव्हिलच्या कडेला एका लहान टाउनहाउसमध्ये राहतो. एक मुलगी झाली, ती मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. डग घर विकून कॅलगरीला कॅथीजवळ गेला. त्याचा वास परत आला नाही. पण दर उन्हाळ्यात तो स्टाऊट करतो, आणि आता त्याची नात वास घेऊन सांगते. तिला कुठला शब्द सापडला नाही की माझा फोन वाजतो.

गेल्या वर्षी आम्ही महिनाभर नागपूरला गेलो होतो. आईने दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. घराला वास होता. कापूर, लसणाची फोडणी, बाबांची जुनी पुस्तकं, कूलरमधला ओला वाळा. ज्या घरात मी पंचवीस वर्षं राहिले त्याला असा वास आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. आई म्हणाली, “आत ये ना, पाहुण्यासारखी काय उभी राहिलीस?” ती सहज बोलली, पण मला जरा लागलं, कारण नाकाने मला तेच सांगितलं होतं.

परत आलो तेव्हा ओकव्हिलच्या घराला महिनाभर कुलूप होतं. प्रशांत बॅगा काढत होता, मुलगी वॉशरूमकडे पळाली. मी दारात उभी राहून मुद्दाम खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच वास आला नाही. माझ्यासारखीला, जिचं पोटच वासावर चालतं, काहीच कळेना. तेवढ्यात शेजारीण आमचं साठवलेलं टपाल घेऊन आली, आत डोकावली आणि म्हणाली, “तुमच्या घरात किती छान वास येतो नेहमी. काय असतं ते?”

मी म्हटलं, “मला नाही सांगता येणार. मी इथे राहते ना.” आणि बूट काढून आत गेले.